अक्का, आज छाट कमी निघाली

प्रिय अक्का,

तुम्हाला मराठी बोलता लै भारी येतं पण वाचता येत नाही, म्हणून हे तुमच्या नातीला पाठवतोय. ती वाचून दाखवेल आणि अडलं तिथं तेलुगूत सांगेल, मधलं काही गाळलं असं वाटलं तर मला विचारा. असं सगळ्यांसमोर टाकायचं कारण एकच, समोर बसून आभार मानायला लागलो की तुम्ही "हां हां, बस" म्हणून चहा ठेवायला उठता आणि माझं बोलणं तसंच राहतं, मागच्या आठवड्यात राहिलं तसं.

रविवारी तुमचा टेम्पो. कुंभारीला रे नगरमध्ये घर मिळालं, १९ जानेवारी २०२४ ला तिथल्या १५ हजार घरांचं लोकार्पण झालं त्यातलं एक तुमचं, आणि तरी नातीची दहावी होऊ दे, मग पाऊस जाऊ दे, असं करत तुम्ही इथंच राहिलात आणि मी मनातल्या मनात खूश होत राहिलो, हे आज कबूल करून टाकतो. एवढी वर्षं हप्ते भरले, मोर्चाला गेलात, भर उन्हात पूनम गेटसमोर बसलात, तुमचं हक्काचं घर आहे ते, जायलाच पाहिजे. पण सोलापूरच्या अशोक चौकातल्या आपल्या चाळीत तुमचा उंबरा रिकामा दिसणार हे काय पटत नाही बघा.

मी पुण्याहून परत आलो ती रात्र आठवते का तुम्हाला? २०२३ चा मे महिना होता. हुतात्मा एक्स्प्रेसनं उतरलो, दोन बॅगा, बायको, झोपलेली पोरगी खांद्यावर. कंपनीनं एका मेलवर आमच्या अख्ख्या टीमला नारळ दिला होता आणि इकडे बाबांना पॅरालिसिसचा झटका येऊन महिना झाला होता. रात्रीचे साडेदहा वाजले असतील, तरी तुम्ही दारात बसून उद्याच्या बिड्यांची पानं ओल्या फडक्यात गुंडाळत होता, मला बघून एवढंच विचारलं, "तिन्नावा?" जेवलास का. नोकरीचं नाही, बाबांचं नाही, किती दिवस राहणार हे पण नाही. त्यानंतर जे कोणी भेटलं त्यानं पहिला प्रश्न हाच विचारला की आता पुढे काय, आणि त्या प्रश्नाचं उत्तर माझ्याकडे नव्हतं, जेवलास का ह्याचं तरी होतं.

मग ते चार-पाच महिने. मी घराबाहेर पडत नव्हतो हे चाळीत सगळ्यांना माहिती होतं, बोलत फक्त तुम्ही होता. दिवसभर मोबाईल, रात्रभर छताकडे बघणं, आणि सकाळी सहाला मामाचा गुड मॉर्निंगचा मेसेज, सूर्योदय, गुलाबाचं फूल, खाली "पॉझिटिव्ह राहा, सगळं छान होईल". मामा मनानं चांगला माणूस आहे, त्याला काय बोलायचं, पण खरं सांगतो अक्का, तो मेसेज बघितला की अजून खाली जायचो मी. वाटायचं की दुःखी असणं हा पण माझाच गुन्हा झाला का आता. बाबा अंथरुणावर, ईएमआय चालू, बाहेर ४३ डिग्री, आणि मी गुलाब बघून हसायचं?

तुम्ही मला एकदा पण पॉझिटिव्ह राहा म्हणाला नाहीत. तुम्ही हाक मारली, "ए, इक्कड रा, पाइप धर." नळाला चार-पाच दिवसांनी पाणी येतं आपल्याकडे, त्या दिवशी नेमकं पहाटे चारला आलं आणि तुमचा पाइप निसटत होता. रिकामा आहेस ना, मग धर. आधी तुमचा ड्रम, मग आमचा, मग शेवटच्या खोलीतल्या म्हातारीच्या घागरी. उजाडेपर्यंत अख्ख्या चाळीचं पाणी भरलं मी त्या दिवशी, आणि कितीतरी दिवसांनी दुपारी गाढ झोप लागली. त्यानंतर पाण्याचा दिवस म्हणजे माझी ड्युटी, कुणी ठरवलं नाही, ठरलंच.

तिथून मग तुमच्या उंबऱ्यावर बसायची सवय लागली. मांडीवर सूप, पान कातरायचं, तंबाखू भरायचा, वळायचं, दोरा, नखानं तोंड बंद, आणि हे सगळं माझ्याशी बोलत, एकदा पण खाली न बघता. पंचवीस बिड्यांचा एक कट्टा. दिवसाला हजारच्या आसपास वळायच्या आणि कारखान्यात नेऊन द्यायच्या. (बिडी चांगली असं कुणी म्हणत नाही, तुम्ही तर मुळीच नाही. तंबाखूच्या धुळीनं तुमचा तो खोकला आहे आणि पोरींना तुम्ही या कामाला हात लावू दिला नाही, हे मी बघितलंय. तुमच्या कामाचं उगाच कौतुक करून तुम्हाला देवी बनवायचं नाहीये मला.)

छाट हा शब्द मी तुमच्याकडून शिकलो. म्हणजे ऐकला लहानपणापासून होता, चाळीत कोण ऐकत नाही, पण शिकलो तेव्हा. चेकर बिड्या तपासतो, वाकडी, सैल, तोंड उघडं राहिलेली बाजूला काढतो, ती छाट, तिचे पैसे नाहीत. एकदा मी नेहमीसारखा म्हणालो, आजचा दिवस पूर्ण वाया गेला. तुम्ही म्हणालात, पूर्ण? मी म्हणालो हो. मग तुम्ही हात न थांबवता माझी उलटतपासणीच घेतली की ओ. सकाळी काय खाल्लं? उप्पीट. कसं होतं? बरं होतं. बाबांना कोणी उठवून बसवलं? मी. किती वेळ बसले? वीस मिनिटं. काल? काल दहा. पोरगी शाळेत गेली का? गेली. मग वाया काय गेलं? मी म्हणालो इंटरव्ह्यूचा फोन येणार होता, आला नाही. "मग ती एक छाट. बाजूला ठेव. बाकीची मोज की."

आणि लगेच पुढे जे म्हणालात ते मी त्या रात्री मोबाईलमध्ये लिहून ठेवलं. छाटेला चांगली बिडी म्हणायचं नाही, चेकरला पण येडा समजायचं नाही आणि स्वतःला पण. छाट ती छाटच. पण पन्नास छाट निघाली म्हणून साडेनऊशे कुणी गटारात टाकत नाही.

नंतर एका डॉक्टरांनी मला हेच त्यांच्या भाषेत सांगितलं, की माणसाच्या मनाला वाईट गोष्ट चांगल्यापेक्षा जास्त घट्ट चिकटते, त्याला निगेटिव्हिटी बायस म्हणतात, त्यामुळे चांगल्या गोष्टी मुद्दाम मोजाव्या लागतात, आपोआप मोजल्या जात नाहीत. मी मनात म्हटलं, डॉक्टर, आमच्या चाळीत हे कट्ट्याच्या हिशोबानं चालतं. तेव्हापासून रोज संध्याकाळी तुमचा एकच प्रश्न, "आज किती छाट?" कधी सात, कधी दोन. एकदा मी रागानं म्हणालो सगळीच छाट, तर तुम्ही मान्य केलंत! म्हणालात हां, असतो असा पण दिवस, पानंच खराब आली असतील, जा झोप. दुसरं कोणी असतं तर त्या दिवशी पण काहीतरी चांगलं शोधायला लावलं असतं.

डॉक्टरांपर्यंत पण तुम्हीच ढकललंत. मला झोप नाही, भूक नाही, छातीत धडधड, आणि मी म्हणत होतो हे टेन्शन आहे, होईल कमी, वेड्याच्या डॉक्टरकडे कशाला. तुम्ही चष्मा काढून माझ्या हातात दिला आणि म्हणालात, हा लावते म्हणजे माझे डोळे खोटे झाले का? तुमच्या नातीनं शाळेतून नंबर आणलेला होता, १४४१६, टेलिमानसचा. ही सरकारची फुकट हेल्पलाइन आहे, १० ऑक्टोबर २०२२ ला सुरू झाली, मराठीत बोलता येतं. (१० ऑक्टोबर म्हणजे जागतिक मानसिक आरोग्य दिन, आणि आपल्या सोलापूरच्या डॉ. द्वारकानाथ कोटणीसांचा जन्मदिवस पण तोच, १९१० चा. भैय्या चौकातून शंभर वेळा गेलो असेन, त्यांच्या स्मारकात एकदा पण गेलो नव्हतो, आता पोरीला घेऊन जाऊन आलो.) गच्चीवर जाऊन रात्री फोन लावला, पलीकडच्या बाईंनी शांतपणे ऐकून घेतलं आणि डॉक्टरला भेटायला सांगितलं. काही महिने गोळ्या घेतल्या, डॉक्टरांना विचारूनच हळूहळू बंद केल्या. हे इथं उघड लिहितोय कारण हे वाचणाऱ्यात कोणीतरी माझ्यासारखा छताकडे बघत पडलेला असेल, त्याला नुसतं उप्पीट मोजून बरं वाटणार नाही, त्यानं फोन करावा.

तुमचं पण सगळं शांत-शांत असतं असं नाही, ते पण सांगू दे. त्या दिवशी दोन कट्टे सरळ सरळ चांगले असून नवीन चेकरनं छाटेत काढले, तुम्ही तिथं भांडून आलात, घरी येऊन अजून भांडलात, भांड्यांशी, मांजराशी, माझ्याशी. मग भिंतीकडे तोंड करून रडलात. मला काय करावं कळेना, मी तसाच बसून राहिलो. दहा-पंधरा मिनिटांनी पदरानं तोंड पुसून म्हणालात, चल चहा पी, आणि दुसऱ्या दिवशी चार बायका घेऊन परत त्याच्याकडे गेलात. तोपर्यंत मला वाटायचं की मन शांत असलेला माणूस रडत नाही, भांडत तर नाहीच. आता वाटतं की जो वेळेवर रडतो आणि नीट जागेवर भांडतो त्यालाच रात्री झोप लागत असावी.

सिद्धेश्वराच्या गड्डा यात्रेचं आठवतं का? तैलाभिषेकाच्या दिवशी आपण पोरीला घेऊन बाळीवेशीत उभे होतो, सातही नंदीध्वज निघाले, पांढरी बाराबंदी घातलेली माणसं, "एकदा भक्तलिंग हर्र बोला हर्र", आणि पोरगी वर टोकाकडे बघून घाबरली, पडेल ना अक्का तो, पडेल ना. एवढी उंच काठी, वारा, ती डुलणारच. तुम्ही तिचं डोकं खाली वळवून पेलणाऱ्याचे पाय दाखवलेत. छोटी छोटी पावलं, थोडं इकडे, थोडं तिकडे, सारखं चालू. महिना दोन महिने आधीपासून सराव करतात म्हणे. काठी एका जागी स्थिर उभी नव्हतीच, एक सेकंद पण नाही, पण पडली पण नाही. तुम्ही काही बोलला नाहीत, माझंच लक्ष मिरवणूक संपेपर्यंत त्या पायांवर राहिलं.

आता माझं कसं चाललंय ते तुम्हाला माहितीच आहे पण लिहितो. टॉवेलवाल्या तीन-चार व्यापाऱ्यांचे हिशोब, जीएसटीचं काम घरून करतो, पुण्याच्या पगाराच्या निम्मं पण होत नाही. बाबा काठीनं संडासपर्यंत जातात, उजवा हात अजून साथ देत नाही आणि देईल असं डॉक्टर पण म्हणत नाहीत. पोरगी ओकटी, रेंडु, मूडु करत तुमच्याकडे कट्टे मोजून मोजून पाढ्यात हुशार झालीय. कधी कधी रात्री ती धडधड परत येते. पुण्यातले मित्र फोनवर विचारतात काय बे, कसं काय, तर आधी माझ्याकडे दोनच उत्तरं होती, "एकदम मस्त" नाहीतर "काही खरं नाही", आणि दोन्ही खोटीच असायची. आता तुमचंच उत्तर देतो, पर्वालेदु. त्यांना कळत नाही, मग समजावून सांगतो की परवा उर्दूतली, लेदु तेलुगूतलं, आणि ते बोलणारा मराठी, म्हणजे अस्सल सोलापुरी माल. लै चांगलं नाही, लै वाईट नाही, चाललंय, सांभाळून घेऊ, हे सगळं एका शब्दात बसतं, मराठीत मला तरी असा शब्द सापडला नाही.

आभार कशाचे मानू ते नीट सांगता येत नाहीये. संक्रांतीला डबा भरून दिलेल्या सकिनालूंचे, पहाटे चारच्या हाकेचे, चष्मा काढून हातात दिलात त्याचे, आणि मला कधीच बिचारा समजला नाहीत त्याचे तर सगळ्यात जास्त.

रविवारी सकाळी सातला मी आणि गल्लीतली दोन पोरं येतो सामान चढवायला, तुम्ही कपाटाला हात लावू नका, मागच्या वेळी कंबर धरली होती. पाण्याचा दिवस शनिवारी येतोय, तेव्हा ड्रम रिकामाच ठेवा, भरून ठेवलात तर हलणार नाही. आणि नवीन घराचं कुलूप घट्ट लागतंय म्हणाला होतात ना, त्यात खोबरेल तेल घालू नका, चिकट होतं, मी शिलाई मशीनचं तेल घेऊन येतो.

तुमचा,
पाइप धरणारा