मिस्त्री काका, तो प्लग तुम्ही माझ्या हातावर ठेवलात

मिस्त्री काका,

सप्रेम नमस्कार. त्या दिवशी ऑटोवाला घाई करत होता, वरून सर आली, आणि तुमच्याशी धड दोन शब्द बोलायचे राहिले. ते मनाला लागून आहे, म्हणून हे पत्र.

झड उघडली, वावराला वाफसा आला, पऱ्हाटीच्या तासांत गवत माजलं आणि नेमका तेव्हाच वीडर, माझं निंदणाचं पेट्रोलवरचं मशीन, चालू राहीना. ज्याच्या घरी कापूस आहे त्याला या दिवसांचा अर्थ सांगायला नको. पहिल्या दोन महिन्यांत गवत वर गेलं की पऱ्हाटी दबली ती दबलीच. निंदणाला बाया शोधाव्या, तर सगळ्यांचं वावर एकाच वेळी निंदायला आलेलं.

तुमच्याआधी ज्यांच्याकडे गेले, त्यांच्याबद्दल राग आहे आणि तो लपवत नाही. एकाने दोरी ओढूनही न बघता 'कॉइल गेली' म्हणत नवी बसवली. मशीन होतं तसंच. दुसऱ्याने थेट रिंग-पिस्टनचा खर्च सांगितला. पण दोघांनी आधी विचारलं ते हेच, 'घरी कोणी माणूस नाही का?' आमचे हे पुण्याला कंपनीत असतात, वावर मी करते. वीडर कसा धरतो, कधी मरतो, बंद पडण्याआधी आवाज कसा होतो, हे माझ्याशिवाय कोण सांगणार होतं? ऐकायला कोणी थांबलं नाही.

तुम्ही मात्र पाना उचलायच्या आधी विचारलंत, "बाई, चोक लावला का धरते अन् काढला का मरते, असं होते का?" मी हो म्हटलं. "दोरी ओढतांनी हाताले अडते?" अडते. "मंग रिंगा चांगल्या हायेत." तेवढ्यात रिंग-पिस्टनचा विषय संपला.

नंतर इंजिनचा स्पार्क प्लग काढलात आणि स्वतः न बघता माझ्या तळहातावर ठेवलात. "पाह्य, ओला हाय का कोरडा?"

काका, इतक्या वेळा दोरी ओढूनही तो कोरडा ठाक होता, आणि ते मी सांगितलं. "म्हंजे पेट्रोल वर पोचतच नाई," तुम्ही म्हणालात, जणू दोष मीच शोधून काढला. बाजूला उभ्या पोरांनी माझ्याकडे वळून पाहिलं. वर्षानुवर्षं शेती करते मी. बियाण्याच्या दुकानात, बँकेत, कृषी केंद्रात बोलणं नेहमी माझ्या डोक्यावरून मागच्या कुणा पुरुषाशी होतं. तुम्ही माझ्याशी बोललात. तो काळा प्लग अजून तळहातावर असल्यासारखा वाटतो.

पुढचं काम तुमच्या हातचं. कार्बोरेटरची वाटी उघडलीत तर आत पिवळट चिकटा, तळाला पाण्याचे थेंब. मशीन विकणाऱ्याने जे कधी सांगितलं नव्हतं ते तुम्ही सांगितलं: पेट्रोल पडून राहिलं की त्यातला हलका भाग उडतो आणि चिकट राळ जेटमध्ये, पेट्रोल जायच्या बारीक भोकात, बसते. आता पेट्रोलमध्ये २० टक्क्यांपर्यंत इथेनॉल असतं, ते हवेतली ओल ओढून घेतं. जेटचं भोक सुईने खरवडू दिलं नाहीत, पितळ मऊ, भोक मोठं होतं म्हणून. वायरीतली तांब्याची एक बारीक तार घेऊन ते मोकळं केलंत. आणि हंगाम संपला की टाकी रिकामी करून, कॉक बंद करून, इंजिन आपोआप थांबेपर्यंत चालू द्यायचं, म्हणजे वाटीत काही उरत नाही, हेही.

पहिल्या ओढीत वीडर बोलला तेव्हा मी रडले, ते तुम्ही बघूनही न बघितल्यासारखं केलंत. आणि निघताना जुनी कॉइल कापडात गुंडाळून दिलीत, "चांगली हाय, जपून ठेव." मी विनाकारण पैसे देऊन बदललेली ती कॉइल! तुम्ही त्या दुकानदाराचं नावही विचारलं नाहीत. अशी माणसं आपल्या भागात अजून आहेत, दवाखान्यात अंगठेवाल्या म्हाताऱ्यांना चिठ्ठी वाचून दाखवणारे, एस.टी. थांबवून डोक्यावरचं ओझं खाली घेणारे. त्यांच्यावरच गाव चालतं, असं मला मनापासून वाटतं.

निंदण वेळेत झालं. पऱ्हाटीला आता पात्या, म्हणजे कळ्या, लागल्या आहेत. धुऱ्यापलीकडच्या वहिनींच्या मशीनचीही अशीच रड आहे, त्यांना तुमच्याकडे पाठवते आहे. येताना मशीन कसं वागतं ते नीट बघून या, काका विचारतील, असं त्यांना सांगितलं आहे.

तुरीच्या शेंगा भरल्या की सोले काढून आणीन. काकूंना सांगून ठेवा.

तुमची,
वीडरवाली बाई