पोरांना एकट्यानं सवय लागत नाही

संपादक महोदय, नमस्कार,

जागतिक आरोग्य संघटना 5 ते 17 वयाच्या मुलांना रोज सरासरी 60 मिनिटं दमवणारी हालचाल हवी म्हणते, आणि आपण सोफ्यावर मोबाईल घेऊन पोरांना सांगणार की जा खेळायला, कशी ऐकतील? म्हणून आम्ही चौघं, सासूबाईंसकट, जेवणं झाली की फोन घरी ठेवून शिवाजी पार्कला फेरी मारतो. पहिले पंधरा दिवस खूप कुरकुर झाली, मिस्टरांची सगळ्यात जास्त, पण लेकीने कॅलेंडरवर रोज फुली मारायला घेतली आणि आता 9 वाजले की तीच चप्पल घालून दारात उभी असते. चालताना शाळेतलं इतकं काही सांगते, घरी विचारून कधी कळलं नसतं. जोराचा पाऊस असला की बिल्डिंगचे जिने. बाकीच्या घरांनी कसं जमवलंय ते वाचकांनी जरूर कळवावं.

– एक आई, दादर