कोस्टरवर राम नको

प्रिय आई-बाबा,

परवा बाबांनी विचारलं की तुझं म्युझियममधलं काम म्हणजे नक्की काय गो, आणि नेमकी रेंज गेली. म्हणून म्हटलं सरळ लिहूनच टाकते. आई, तू वाचून दाखव, मोतीबिंदूचं ऑपरेशन आत्ताच झालंय, बाबांनी मोबाईलवर डोळे ताणायचे नाहीत.

म्युझियम बघून बाहेर पडताना एक दुकान लागतं ना, तिथल्या वस्तू मी डिझाईन करते. वह्या, मॅग्नेट, पिशव्या वगैरे. आणि या वेळी विषय कुठला आलाय माहितीये? गंजिफा! आपल्या सावंतवाडीचा, हाताने रंगवलेल्या गोल पत्त्यांचा खेळ! मीटिंगमध्ये नाव निघालं आणि मला एकदम आजोबा आठवले, ओटीवर तिघं मांडी घालून बसलेले, दिवसा डाव असला तर ज्याच्याकडे राम त्याची उतारी आणि रात्री ज्याच्याकडे कृष्ण त्याची. हे मी सांगितलं तर सगळे बघतच राहिले, कुणाला माहीतच नव्हतं.

पानं गोल म्हणून सगळ्यांना पहिलं सुचलं ते कोस्टर, कपाखाली ठेवायच्या चकत्या. आणि सॅम्पलवर रामाचं राजाचं पान, सिंहासनावर बसलेला राम. मी म्हटलं अहो, यावर चहाचा कप ठेवणार? आपल्या घरी पानाला चुकून पाय लागला तरी आजी नमस्कार करायला लावायची. मग मी सुचवलं की राजा आणि वजीर फक्त भिंतीवर लावायच्या प्रिंटमध्ये घेऊ, आणि कोस्टरला साधी एक ते दहा आकड्यांची पानं, म्हणजे मत्स्याचे मासे, वराहाचे शंख, परशुरामाच्या कुऱ्हाडी. दहा अवतार, प्रत्येकाची बारा पानं, मिळून १२०, एवढा खजिना असताना देवावर कप कशाला? पटलं त्यांना.

पण खरा वेळ गेला तो माशांमध्ये. दहा माशांचं पान घेतलं होतं, तर फाईलमध्ये कुणीतरी एकच मासा कॉपी करून दहा वेळा चिकटवलेला. दिसायला नीट, पण मेलेलं. मूळ पान मी भिंगातून बघितलं, चिताऱ्याने प्रत्येक मासा दोन-तीन फटकाऱ्यांत काढलाय, एकाचं शेपूट जाड, एकाचा डोळा जरा खाली घसरलाय, एक तर कडेला जागा कमी पडली म्हणून वाकडा झालाय. तो वाकडा मासा मला फार आवडला. दहाही मासे परत वेगवेगळे ट्रेस केले, दोन दिवस गेले, पण आता ते पाण्यात असल्यासारखे वाटतात.

रंगाचं अजून जमत नाहीये. छापून आलं की लाल रंग विटकरी होतो. मूळ पानावर लाखेची चकाकी असते ना, उजेडात हलवलं की रंग आतून वर येतो, ते साध्या मॅट कागदावर येणार कसं, आता फक्त मासे तेवढे चकचकीत ठेवून बघणार आहे.

आणि एक गोष्ट मी हट्टाने मागितलीये. छापील वस्तूंच्या शेजारी हाताने रंगवलेले खरे डाव, म्हणजे पत्त्यांचे पूर्ण संच, विकायला ठेवायचे, थेट कारागिरांकडून घेऊन, आणि डब्यावर त्यांचं नाव. ७० च्या दशकात सावंतवाडीच्या राजवाड्याने ही कला परत उभी केली तेव्हा मोजकेच हात उरले होते असं बाबाच सांगायचे. मॅग्नेट कितीही खपले तरी त्याने कुणाच्या हातात ब्रश येत नाही, डाव विकला गेला तरच येतो. अजून होकार नाहीये, पण मी पाठ सोडणार नाही.

बाबा, एक काम आहे. आजोबांचा डाव कपाटात वरच्या फळीवर आहे, सरकत्या झाकणाच्या लाकडी डब्यात. आईला काढायला सांगा, तुम्ही चढू नका. खिडकीपाशी ठेवून फोटो पाठवा, फ्लॅश नको, पाठीमागची बाजूपण हवी. कुरियर अजिबात करू नका, चतुर्थीला येईन तेव्हा बघेनच. आणि माझे कोस्टर घेऊन येते, बोट फिरवून सांगा मासे जमलेत का.

तुमची,
बेबी