धोपाव्याच्या धक्क्यावर भेटलेल्या काकांना

तीर्थस्वरूप काका,
सा. न. वि. वि.

तुमचं नाव विचारायचं राहूनच गेलं, म्हणून हे पत्र असं सगळ्यांदेखत लिहिते आहे. एप्रिलमध्ये धोपाव्याच्या धक्क्यावर फेरीबोटीची वाट बघत, मांडीवर घराचा नकाशा पसरून बसलेली बाई ती मी. तुम्ही बांधकाम खात्यात आरेखक होतात, एवढंच बोलण्यात आलं. बोट दाभोळहून येईपर्यंत आणि मग खाडी ओलांडेपर्यंत जो काय वेळ मिळाला, तेवढ्यात तुम्ही आमचं घर वाचवलंत.

नकाशा मुलाने अमेरिकेत, तिथल्याच एका ओळखीच्या माणसाकडून काढून घेतला होता. जुन्या घराच्या वाशांना वाळवी लागलेली, आईला आणि आजीला धड घर द्यायचं हा त्याचा ध्यास. पण खोल्यांची नावं सगळी तिकडची: फॉयर, डेन, पँट्री, मडरूम, पावडर रूम. ओटी, माजघर, पडवी, कोठीची खोली यांत आमचा जन्म गेला. सासूबाई रोज एकच विचारायच्या, "ह्यात माझे देव कुठे बसायचे, तेवढं सांग." पावडर रूम म्हणजे आरशासमोर नटायची खोली असं मी धरून चालले, आणि तिच्या भिंतीला लागून देवघर घ्या असं त्याच दिवशी गुहागरला कंत्राटदाराला सांगूनही आले होते.

तुम्ही त्या नावावर अंगठा ठेवलात आणि म्हणालात, "अक्षरं सोडा. चित्रात काय दिसतंय?"

मी चष्मा पुसून बघितलं. कोपऱ्यात एक लहानसा लंबगोल, त्याच्या पाठीशी आडवा चौकोन, समोर बेसिन. कमोड आणि त्याची टाकी! आंघोळीची सोय कुठेच नाही. अठराव्या शतकात युरोपात केसांच्या टोपांना पावडर लावायची खोली असे, तिचं नाव तेवढं मागे उरलं, आता तो आल्यागेल्यासाठीचा संडास, असं तुम्ही सांगितलंत. सासूबाईंचे देव त्या भिंतीला पाठ लावून बसणार होते. माझ्या अंगावर काटा आला. बोटीत चढायच्या आधीच मी कंत्राटदाराला फोन लावला.

मडरूमवर तर मी फुलीच मारली होती. चिखलाची खोली घरात कशाला? तुम्ही विचारलंत, "लावणीहून आल्यावर तुमची माणसं कुठे थांबतात?" मागल्या पडवीत. डोणीतलं पाणी पायांवर घ्यायचं, इरलं खुंटीला लावायचं, मग आत. "मग हीच ती खोली," तुम्ही म्हणालात. तिकडे बर्फातून आल्यावर बूट आणि कोट तिथे उतरवतात. फक्त त्यांच्या खोलीला मोरी नव्हती. तुम्ही पेन्सिलीने उताराचा बाण काढलात, मोरी दाखवलीत आणि वरची कौलं दीड हात पुढे घ्यायला सांगितलीत. ती फुली खोडायला खोडरबर नव्हता, तर तिच्यावरच सुवाच्य अक्षरांत "मागील पडवी" लिहिलंत.

झोपायच्या खोलीतल्या 'डब्ल्यू आय सी' या अक्षरांना मी संडास समजून घाबरले होते, तर ती निघाली कपडे ठेवायची खोली, जिच्यात चालत जाता येतं. तिला खिडकी नव्हती. आषाढात कपड्यांना बुरशी येईल, म्हणून तिथे जाळीची खिडकी घ्या, हा तुमचा सल्ला मी जसाच्या तसा पाळला. डेन म्हणजे निवांत बसायची लहान खोली. ती न्हाणीजवळ आहे, तर सासूबाईंना द्या, रात्री उठावं लागलं तर चार पावलं, हेही तुम्हीच सुचवलंत.

पँट्रीचं तर मी येईल त्याला सांगते. हे नाव भाकरीसाठीच्या लॅटिन शब्दावरून, आणि त्याच शब्दावरून पोर्तुगीजांमार्फत आपला पाव आला. म्हणजे आमच्या कोठीच्या खोलीचं आणि सकाळी दारात सायकलवर येणाऱ्या पाववाल्याचं नातं निघालं! फॉयर म्हणजे मुळात चूल, हे ऐकून सासूबाईंनी मान हलवली. "मग ओटीवर चूल मांडतात काय ते लोक?" मी सांगितलं, आता ती फक्त दारातून आत आल्यावरची जागा, उंबऱ्याच्या आतली.

मुलाला तुमच्या पेन्सिलीच्या नावांसकट नकाशाचा फोटो पाठवला. तो बराच वेळ काही बोलला नाही. मग म्हणाला, "आई, माजघर राहिलंच की." ते आता स्वयंपाकघर आणि ओटी यांच्या मधोमध घेतलं आहे. चौथरा झाला, जांभ्याच्या भिंती खिडक्यांपर्यंत आल्या आहेत. देवघराला आता पलीकडून कोठीच्या खोलीची भिंत आहे.

वास्तुशांतीला तुम्ही यायलाच हवं. दाभोळच्या धक्क्यावर उतरलात की रिक्षावाल्यांना नकाशावाल्या बाईचं घर विचारा. मी सगळ्यांना सांगून ठेवलं आहे.

कळावे, लोभ असावा.

आपली,
फेरीबोटीत शेजारी बसलेली