नाना, तुम्ही पैसे मोजले नाहीत

नाना, सादर नमस्कार.

हे तुमच्यासमोर बोलायचं होतं. पण धुळ्याला आले की तुम्हाला बघूनच रडू येतं आणि सांगायचं राहून जातं. म्हणून आज सगळ्यांदेखत लिहिते.

माझा धाकटा भाऊ सुरतेला कामाला गेला आणि गर्दच्या नादी लागून परत आला. आईची पोत गेली, तांब्याचा हंडा गेला, कपाशीच्या बियाण्याचे पैसे गेले. मग आई कपाटाची किल्ली झोपतानाही कमरेला खोचून ठेवायला लागली.

आधी एका व्यसनमुक्ती केंद्रात ठेवला होता. त्यांनी पैसे अगोदर मोजून घेतले, महिनाभर भेटू दिलं नाही, आणि घरी आला तेव्हा पाठीवर वळ होते. म्हणाले, पेशंट बरा झाला, घेऊन जा. कुठे नेणार होतो आम्ही त्याला? तोच पार, तीच टपरी, तीच पोरं. अकराव्या दिवशी पुन्हा सुरू झालं. अंगातलं विष उतरलं तरी झोप आणि मन ताळ्यावर यायला कित्येक महिने लागतात, हे त्यांनी सांगितलं नाही. मध्ये खंड पडल्यावर जुन्याच मापाने घेतलं तर माणूस जागेवर जाऊ शकतो, हेही नाही. ते तुमच्याकडून कळलं. आमचा तोवर वाचला होता, ही देवाची कृपा.

मग तुम्ही व्यसन सोडू पाहणाऱ्या पोरांना ठेवून घेता, त्या तुमच्या घरी तो आला. येऊन महिनाही झाला नव्हता. थंडीचे दिवस, मी भेटायला आले होते. तुम्ही खिशातून पाचशेची नोट काढून त्याच्या हातात दिलीत. ‘जा रे भाऊ, भरताची वांगी आण. हिरवी, लांब बघून घे. कांद्याची पातही आण.’

माझा श्वास अडकला. ‘नाना, मी जाते,’ हे शब्द ओठांवर आले होते. पाऊण तास तुम्ही लसूण सोलत बसलात आणि मी दाराकडे बघत.

तो आला. पिशवी ठेवली, उरलेल्या नोटा आणि चिल्लर तुमच्यापुढे धरली. हात थरथरत होता. तुम्ही ते पैसे तसेच खिशात टाकलेत, एक वांगं दाबून पाहिलंत आणि म्हणालात, ‘चांगली आणलीस. आता भाजायची पण तूच.’

संध्याकाळी मला स्टँडवर सोडताना तो सगळ्या वाटेत एकच वाक्य बोलला. ‘ताई, त्यांनी मोजले नाहीत.’

नाना, औषधं लागतात, डॉक्टर लागतात, रोज रात्रीची तुमची बैठकही लागते. पण आम्ही सख्ख्यांनीच त्याला चोर ठरवून टाकलं होतं, आणि तुम्ही परक्या माणसाने त्याला घरातला पोरगा केलंत. येईल त्याला पहिला प्रश्न काय, तर ‘जेवना का रे भाऊ?’ गल्लीतले लोक ‘गर्दुल्ल्यांचं घर’ म्हणतात, ते ऐकूनही तुम्ही सकाळी त्यांच्याच दारापुढून हसत जाता. इतकी भली माणसं अजून आपल्याकडे आहेत, हे मला माहीतच नव्हतं.

सोळा महिने झाले. आखाजीच्या सणाला तो घरी आलाय. आईने तुमच्यासाठी बिबडे केलेत, उद्याच्या एसटीने तोच डबा घेऊन येतोय. आत्ताच आईने कमरेची किल्ली काढून त्याला दिली आणि म्हणाली, भाड्याचे पैसे तूच घे कपाटातून.