मांडवाखालचा मुकादम

विश्रामबाग, सांगली
दि. २३ मार्च २०२५

प्रिय दत्ता,

सप्रेम नमस्कार. गेल्या श्रावणात तुझ्या अण्णांच्या तेराव्याला भेटलो, त्याला सात महिने होऊन गेले आणि या सात महिन्यांत मी तुला एका ओळीचेही पत्र लिहिले नाही, याची लाज वाटत असतानाच हे लिहायला बसलो आहे. फोन करता आला असता. पण फोनवर तू दुसऱ्याच वाक्याला उपाय सांगून मोकळा होतोस, आणि मला या वेळी उपायाच्या आधी सगळे ऐकून घेणारा माणूस हवा आहे. प्रकृतीचे म्हणशील तर माझी साखर होती तिथेच आहे, मंगलची पाठ अधूनमधून धरते, बाकी क्षेम.

झाले ते असे, की आमच्या कुत्र्याने, मुकादमाने, अण्णांच्या वेलीची द्राक्षे खाल्ली आणि तो मरता मरता वाचला.

हे वाक्य मी इथे तिघांना सांगून पाहिले. शेजारच्या माई म्हणाल्या, "सांगलीत राहून द्राक्षांनी कोणी मेल्याचे ऐकले नाही." मुलाने बंगळुरूहून फोनवरच सांगितले, की बाबा, वेल काढून टाका, विषय संपवा. मंगल काहीच बोलली नाही, तिने माळ्यावरचा कोयता काढून दाराआड आणून ठेवला. मुकादम म्हणजे कोण आणि अण्णांची वेल म्हणजे काय, हे दोन्ही ज्याला एकाच वेळी कळेल असा आता तूच उरला आहेस.

महाशिवरात्र होऊन चार-पाच दिवस झाले होते. मागच्या वर्षी वेलीला अवघे अकरा घड होते आणि त्यांतला एक अण्णांनी खुर्चीत बसून खाल्ला, तो तुला आठवतच असेल. या वर्षी मी साठापर्यंत मोजले आणि पुढे मोजणे सोडून दिले. मण्यांत पाणी उतरून ते पिकू लागल्यावर घडांना वर्तमानपत्राचे कागद गुंडाळले होते. पण रात्री वटवाघळे येतात, कागद फाडतात, चार मणी खातात आणि चाळीस खाली पाडतात. मी सकाळी झाडलोट करीपर्यंत ते मणी तिथेच पडून असत आणि मांडवाखाली झोपायला कोण असते हे तुला सांगायला नको. एका सकाळी पाहतो तर त्याने ओटीवर दोनदा उलटी केलेली, तीत द्राक्षांच्या साली, आणि स्वारी कोपऱ्यात मान टाकून पडलेली. मी मात्र पोट बिघडले असेल असे समजून ताक पाजले आणि अर्धा दिवस वाया घालवला. तो अर्धा दिवस मला अजून झोपू देत नाही.

दुपारी मिरजेच्या डॉक्टरांकडे नेले. त्यांनी पहिलाच प्रश्न विचारला, "अंगणात द्राक्षवेल आहे का?" कुत्र्याला द्राक्षे आणि बेदाणे यांची बाधा होते, ती थेट मूत्रपिंडांवर उतरते, आणि किती मणी खाल्ले म्हणजे धोका, याचे कोणतेही भरवशाचे माप नाही, असे त्यांनी सांगितले. खाऊन तासा-दोन तासांत आणला असता तर ओकारीचे इंजेक्शन देऊन पोट रिकामे करता आले असते. आता सलाईन लावून मूत्रपिंडे धुऊन काढणे एवढेच हातात होते. तीन दिवस तो तिथे होता. मूत्रपिंडांचा बिघाड दाखवणारे रक्तातले क्रिएटिनिन दुसऱ्या दिवशी २.४ झाले, तेव्हा डॉक्टर माझ्याशी बोलताना चष्मा पुसू लागले आणि मी समजायचे ते समजलो. तिसऱ्या दिवशी आकडा खाली वळला. आता तो १.३ वर आहे, त्याला मापात खायला घालतो आणि भरपूर पाणी पाजतो, आणि तो माझ्याकडे असे पाहतो की जणू चूक सर्वस्वी माझीच होती. तशी ती होतीच.

तुला एक कबुली देतो, हसू नकोस. मार्केट यार्डातून बेदाणा आणला की त्यातला एक-दोन मी त्याला गेली पाच वर्षे देत आलो आहे, आणि त्याला कधी शिंकही आली नाही. डॉक्टर म्हणाले, हीच यातली गोम आहे. एकाला मूठभर पचतात आणि दुसऱ्याला थोड्याशानेही घात होतो, शिवाय एकाच घरातल्या एकाच कुत्र्याचे आज एक आणि उद्या दुसरे. २०२१ मध्ये अमेरिकेतल्या पशुवैद्यांनी यामागे द्राक्षातले टार्टारिक आम्ल असावे असा अंदाज मांडला, चिंचेतही तेच असते म्हणून चिंचही कुत्र्याला वर्ज्य, आणि मण्याची जात व पक्वता बदलली की आम्लाचे प्रमाण बदलते, म्हणून माप लागत नाही. मी घरी येईपर्यंत याच गोष्टीवर विचार करत होतो. आपण लहानपणापासून कोल्ह्याला द्राक्षे आंबट म्हणून हसलो. तो कोल्हा त्याच्या कुळातला एकटाच शहाणा निघाला.

आता तू म्हणशील, "मी तुला सांगितले होते." होय, सांगितले होते. २०१९ च्या महापुरात हा आमच्या गल्लीच्या तोंडाशी ओला चिंब उभा राहिला आणि मी त्याला आत घेतले, त्याच महिन्यात तू पत्रात लिहिलेस, की बाग तरी कर नाहीतर कुत्रा तरी पाळ. मी हट्टाने दोन्ही केले आणि पहिली दोन वर्षे तुझेच खरे ठरले. गुलाब गेले, शेवंती गेली. मग एक गोष्ट ध्यानात आली, की कुत्र्याच्या अंगणात वेलीच टिकतात. कारण वेलीचा सांभाळायचा भाग म्हणजे बुंध्याचा दीड हात, बाकीचा सगळा संसार त्याच्या डोक्यावरून चालतो. एवढा दीड हात सांभाळणेही सोपे नव्हते. जाईच्या खड्ड्यात मी हाडांचा चुरा घातला आणि त्याने ती जाई तीनदा उकरून ओटीवर आणून ठेवली. चौथ्या वेळी एरंडीची पेंड घालणार होतो, तर दुकानदारानेच हात धरला. ती त्याने खाल्ली असती तर आजचे पत्र मी तेव्हाच लिहिले असते. अखेर निव्वळ कुजलेले शेणखत, वर दगडांचा थर आणि भोवती दोन फूट उंचीची जाळी, एवढ्यावर जाई जगली. मधुमालतीच्या बुंध्यावर तो रोज हजेरी लावायचा, त्याने तिची खालची पाने करपली. तिथे मी रोज बादलीभर पाणी ओततो आणि शेजारी एक लाकडी खांब रोवून दिला, तो त्याने मोठ्या मनाने स्वीकारला. कुंपणात आपोआप उगवलेली कळलावी मात्र मी कंदासकट काढली, कारण तिचा कंद खरोखरच विषारी, आणि उकरण्याची याची आवड तुला आता कळली असेल. सगळी विषारी झाडे ओळखून ओळखून बाहेर काढली, आणि जिने घात करायचा होता तिला स्वतः मांडव घालून दिला!

अण्णांनी कलम केले तो दिवस तुला मी कधी नीट सांगितलाच नाही, तू तेव्हा नागपुरात बदलीच्या धावपळीत होतास. तासगावची बाग काढायची हे तुमच्या घरात ठरले होते आणि अण्णा कोणाशी बोलत नव्हते. सप्टेंबर २०२२ मध्ये ते एसटीने एकटे आले, पिशवीत ओल्या फडक्यात गुंडाळलेल्या चार काड्या आणि कलमाचा चाकू. ज्यावर कलम करायचे तो खुंट मी जानेवारीतच लावून ठेवला होता. ऐंशी ओलांडलेला माणूस स्टुलावर बसला, हात कापत होते, पण चाकू खुंटाला लागला की कापायचे थांबायचे. पाचर बसवली, पट्टी गुंडाळली आणि मला म्हणाले, "खुंटाचं नाव ठावं हाय नव्हं? डॉगरिज. नावातच कुत्रं हाय, तवा ह्याची आन् हिची सोयरीक जमंल." टेक्सासातला रानवेल तो, दुष्काळाला आणि खारट पाण्याला पुरून उरतो म्हणून आपल्याकडच्या बागांत आला. कुत्र्याचे नाव तोवर टायगर होते. अण्णा काम करत असताना तो कुंपणाच्या कडेने एकसारख्या फेऱ्या मारत होता, मध्येच थांबून अण्णांच्या हाताकडे पाहत होता. अण्णा म्हणाले, "ह्यो टायगर न्हवं रं, ह्यो मुकादम हाय." त्या दिवसापासून टायगर म्हटले की तो वळूनही पाहत नाही.

वाण साधा थॉमसन आहे, हे मला कळते. मंगल म्हणते तसे कोणत्याही रोपवाटिकेत तसली हजार कलमे मिळतील, तेही खरे. पण तुमच्या तीन एकरांतले आता जमिनीवर तेवढेच उरले आहे.

यात एक अडचण अशी, की अंगणात एप्रिल-मेमध्ये सावली म्हणून आहे ती याच वेलीची. पारा चाळिसाला टेकतो तेव्हा मुकादम तिच्या बुंध्याशी ओल्या मातीत पोट टेकून पडतो, घरात पंख्याखालीसुद्धा येत नाही. वेल काढली तर तो वाचेल आणि उन्हात तळेल. कलमाच्या खालून कापली तर खुंट फुटेल आणि अंगणात नुसता डॉगरिज उरेल, म्हणजे अण्णांचा विनोद राहील आणि अण्णा जातील. मांडवाखाली शेडनेट ताणून पाहिले. मणी त्यात साठून कुजू लागले, घोंगावणाऱ्या माश्या आल्या आणि दोन दिवसांत मुकादमाने नेटचे एक टोक दातांनी ओढून सगळा साठा एकदम खाली घेतला. नशीब, मी समोर उभा होतो. त्याच संध्याकाळी उरलेले सगळे घड उतरवून वाटून टाकले. त्याला बांधून ठेवण्याचा सल्ला माईंनी दिला आहे. मुकादमाला बांधायचे म्हणजे काय, हे तूच माईंना येऊन सांग.

उरतो तो एकच मार्ग, आणि तो विचारण्यासाठीच हे पत्र. वेल ठेवायची आणि फळ येऊ द्यायचे नाही. पाडव्यानंतर एप्रिलची खरड छाटणी नेहमीसारखी करायची, ओलांड्यावर, म्हणजे वेलीच्या आडव्या फांद्यांवर, नवी फूट घ्यायची, मांडव भरू द्यायचा. ऑक्टोबरला छाटल्यावर पोंगे फुटून घड दिसू लागले, की मणी धरण्याआधीच एकूण एक खुडून टाकायचे. डोळे लवकर फुटावेत म्हणून बागांत लावतात ते रसायन मी तसेही कधी वापरले नाही, फवारणीलाही मोरचूद-चुन्याच्या बोर्डो मिश्रणापुढे गेलो नाही, त्यामुळे ती काळजी नाही. बागायतदाराला सांगितले तर तो मला वेड्यात काढील: वर्षभर वेल सांभाळायची आणि घडच ठेवायचा नाही! तुझ्या वडिलांनी एकेका वेलीचे घड मोजून कर्ज फेडलेले मी पाहिले आहे. तिथे माझा हात चालेल की नाही, मला खात्री नाही.

१९८१ च्या डिसेंबरात आपण दोघे विरळणीला गेलो होतो ते आठवते का? मला एकही घड कापवेना, तेव्हा तू हसलास आणि अण्णांनी मात्र माझ्या हाताला धरून कात्री चालवली. "येलीला पेलंल तेवढंच ठेवायचं," ते म्हणाले होते, "ऱ्हायलेलं खुडताना वाईट वाटून घ्यायचं न्हाई." आता पेलण्याचा प्रश्न वेलीचा नसून अंगणाचा आहे, एवढाच फरक. अण्णा असते तर त्यांना विचारून मोकळा झालो असतो. ते नाहीत, म्हणून तुला विचारतो. तू नको म्हणालास तर सप्टेंबरात काड्या काढून तुझ्या पुतण्याकडे पाठवीन, त्याच्या कवलापूरच्या तुकड्यात चार खुंटांवर कलम करायला सांग, मगच इथला निर्णय घेईन. तू हो म्हणालास तरी काड्या पाठवीनच.

तुझे सगळे विचारायचे राहूनच गेले. गुडघ्याचे ऑपरेशन उरकले का? नातीचे बारसे झाले असेल, नाव कळव. वहिनींना नमस्कार सांग, आणि सेवानिवृत्तीनंतर त्यांच्या स्वयंपाकघरात फार लुडबूड करू नकोस.

उत्तर पाठवण्याऐवजी ऑक्टोबरात तूच ये. दसऱ्यानंतर छाटणी धरू, घड दिसेपर्यंत राहा. विरळणीची ती कात्री घेऊन ये. ती माझी आहे हे तू चव्वेचाळीस वर्षे कबूल करत नाहीस, पण या कामाला तीच लागेल.

तुझा,
विश्वास

ता.क. बेदाण्याचे पार्सल पाठवले आहे. तुमच्या बिल्डिंगखालच्या कुत्रीला तू खिशातून काहीबाही देतोस हे मला माहीत आहे. यातले देऊ नकोस.