लोक म्हणजे नक्की कोण, तेही छापा

संपादक महोदय,

साथ आली की बातम्यांमधे "लोकांनी गर्दी टाळावी" एवढंच येतं. पण लोक म्हणजे कोण? पंधरा वर्षांचा मुलगा, चाळिशीतली बाई आणि पंच्याहत्तरीचे आजोबा दिवसभरात किती जणांना आणि कोणाला भेटतात यात जमीनअस्मानाचा फरक आहे, आणि साथ कुठून कुठे जाणार ते बरंचसं यावरच ठरतं.

युरोपातल्या ८ देशांत २००५-०६ मधे पॉलीमॉड नावाचा मोठा सर्व्हे झाला होता. ७,२९० लोकांना एका दिवसाची डायरी भरायला दिली, कोणाला भेटलात, कुठे, किती वेळ, एकमेकांना हात लागला का, सगळं. जवळपास ९८ हजार भेटी नोंदल्या गेल्या, माणशी सरासरी १३.४. पण ही सरासरी घेऊन बसलं तर फसगत होणार, कारण सगळ्यात जास्त भेटी १० ते १९ वयाच्या मुलामुलींच्या आणि त्याही मुख्यतः आपल्याच वयाच्यांशी, मग घरी आल्यावर आईबापांशी. म्हातारपणी आकडा बराच खाली येतो.

म्हणूनच जपानचं उदाहरण मला फार महत्त्वाचं वाटतं. तिथे १९६२ ते १९९४ शाळकरी मुलांना फ्लूची लस देत होते, त्या काळात म्हाताऱ्या माणसांचे मृत्यू कमी झाले आणि कार्यक्रम बंद पडल्यावर परत वाढले, असं २००१ मधे संशोधकांनी मांडलं. लस नातवाला, वाचली आजी!

आता बायकांचं बघा. भेटींची नुसती संख्या मोजली तर बाई आणि पुरुष यांत फार फरक दिसत नाही, पण कोणाला भेटतात ते बघितलं की चित्र बदलतं. लहान मुलांचं आवरणं, आजारी माणसाचं करणं, सासूसासऱ्यांना उठवणं बसवणं, हे जास्त करून बाईच करते, आणि या भेटी लांबलेल्या असतात, अगदी जवळून, हात लावून. जगभरात आरोग्यसेवेत काम करणाऱ्यांतही तीनात दोन बायका आहेत. म्हणजे मुलांकडून म्हाताऱ्यांकडे जाणाऱ्या वाटेवर मधे तीच उभी असते, तिला अंतर ठेवा सांगून काय उपयोग, ते काम अंतर ठेवून होतच नाही हो. मार्च २०२० मधे ब्रिटनमधे लॉकडाऊनमुळे माणशी रोजच्या भेटी १०.८ वरून २.८ वर आल्या, बातमी म्हणून छान, पण या २.८ मधे घरात आजारी माणसाचं करणारी बाई कुठे दिसते?

आणि म्हाताऱ्यांच्या भेटी कमी म्हणजे ते सुरक्षित, हेही मला पटत नाही. ज्यांच्याकडे दिवसात दोनतीनच माणसं येतात त्यांची त्यातली एक बंद केली तर उरतं काय? शिवाय ती दोनतीन माणसं म्हणजेच त्यांची काळजी घेणारी.

तर विनंती एवढीच की पुढच्या वेळी असे आकडे छापताना वयाप्रमाणे आणि बाई-पुरुष असे वेगळे छापा, आणि अधिकाऱ्यांनी नुसती सरासरी दिली तर बाकीचे आकडे कुठे आहेत असं त्यांना विचारा.

आपली एक वाचक